मार्फत : तुरुंगातून सुटल्यावर गोव्यात पुन्हा बस्तान बसवताना

कोलवाळच्या तुरुंगातून मी सुटलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि मृगाचा पाऊस लागला होता. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात दोन शर्ट, टॉवेल, मोबाइलचा चार्जर (मोबाइल नव्हता, चार्जर तेवढा उरला होता) आणि कोर्टाचा एक कागद. म्हापशाला पोचेपर्यंत त्या कागदाचा लगदा झाला. पुढचे चार महिने मी बसस्टँडवर आणि बाजारातल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर काढले. त्यातले निम्मे त्या लगद्यापायी गेले म्हटलं तरी चालेल.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मोटार-पंपांचं वाइंडिंग करतो, डिचोलीत भाड्याची खोली आहे. केसमधून पुढे निर्दोष सुटलो. आमचा पाच-सहा जणांचा एक गट आहे. नाव नाही, बोर्ड नाही. सुटून येणाऱ्याला पहिले काही महिने सोबत करतो, एवढंच. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. सुटलेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा फोन नसतो. तेव्हा त्याच्या बहिणीने, भावाने, शेजाऱ्याने हे वाचावं आणि त्याला सांगावं.

सुरुवातीला एक शब्द पक्का करून घ्या: कच्चा कैदी. ज्याचा खटला अजून चालू आहे, ज्याला शिक्षा झालेली नाही, तो कच्चा कैदी. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची होती. म्हणजे चारातले तीन. गावात मात्र ‘जेलांत आशिल्लो’ एवढं एकदा चिकटलं की कच्चं-पक्कं कुणी विचारत नाही. तुम्हाला तो फरक माहीत असायला हवा, कारण अर्ज भरताना, नोकरीवर विचारणा होताना त्यावरच सगळं अवलंबून असतं.

आत असतानाच

सुटकेच्या आदल्या दिवसांत भेटीला जाणाऱ्याने ही कामं उरकावीत.

सुटकेचा दाखला हातात मिळतो त्यावर नाव, वडलांचं नाव, केस नंबर आणि तारखा बरोबर आहेत का ते तिथल्या तिथे बघा. नावातलं एक अक्षर चुकलं तरी पुढे आधारच्या रांगेत दिवस जातो. आत जाताना जमा केलेल्या वस्तूंची नोंद असते. तिच्याशी ताडून पाकीट, फोन, आधार कार्ड, रोकड परत घ्या आणि मगच सही करा. औषधं चालू असतील तर डॉक्टरची चिठ्ठी मागून घ्या. टीबीचा कोर्स किंवा एचआयव्हीची औषधं चालू असतील तर बाहेरच्या केंद्रावर नाव वळवून घेण्याचा कागद आतूनच आणावा. ही औषधं आठ दिवस जरी तुटली तरी महागात पडतं.

दुसरी एखादी जुनी केस, जुनं वॉरंट बाकी नाही ना, ते ई-कोर्ट्सच्या अॅपवर नावाने शोधता येतं. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो वहीत उतरवून ठेवा. आमच्यातला एकजण सुटल्यावर अकराव्या दिवशी परत आत गेला. कारण होतं सात वर्षांपूर्वीची मारामारीची केस, जी तो स्वतःच विसरला होता.

जामीन मंजूर झालाय पण जामीनदार नाही, म्हणून आत अडकलेले पुष्कळ असतात. बेघर माणसाला जामीनदार कुठून मिळणार? यावर तीन वाटा आहेत. कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं ते कलम १२. त्या वकिलाला अट सैल करण्याचा अर्ज करायला सांगा. दुसरी वाट सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांची: जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिन्याभरात बाँड भरला गेला नाही तर न्यायालय आपणहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. तिसरी वाट पैशाची. केंद्राच्या गरीब कैदी साहाय्य योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि पक्क्याच्या दंडासाठी मदत होते (२०२३ च्या मूळ नियमांत मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० रुपयांची होती). निर्णय जिल्हास्तरावरची समिती घेते. काही प्रकारचे गुन्हे त्यातून वगळलेत, तेव्हा वकिलाला विचारूनच आशा धरा. विधी सेवेचा देशभराचा नंबर १५१००.

जामिनावर सुटलात तर अटी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. ‘गोव्याबाहेर जायचं नाही’ ही अट आपल्या लोकांना हमखास गोत्यात आणते. पेडण्याच्या माणसाला बांदा म्हणजे परगाव वाटतच नाही. मामा तिथे, बहीण सावंतवाडीला दिलेली. पण पत्रादेवीचा नाका ओलांडला की तुम्ही महाराष्ट्रात. बहिणीच्या लग्नाला जायचंय? जा, पण आधी अर्ज करून परवानगी घ्या. ती बऱ्याचदा मिळते.

पहिली रात्र

जामिनाचा आदेश पोचून सोपस्कार होईपर्यंत संध्याकाळ होते. म्हणून पहिली रात्र कुठे काढायची हे बाहेर पडण्याआधी ठरलेलं हवं. शक्य असेल तर कुणीतरी घ्यायला जा. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, पण जा. कोलवाळ ते म्हापसा हा बसचा थोडाच पल्ला, पण त्यात बार किती लागतात ते एकदा मोजा. आणि जुने दोस्त म्हापशाच्या स्टँडवर अगदी प्रेमाने वाट बघत असतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ती जिवावरची आहे. आत काही महिने दारू किंवा पावडर सुटलेली असते, शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्यावर पूर्वीइतकाच डोस घेतला तर तो पूर्वीइतका राहात नाही. सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे अशा मृत्यूंसाठी सगळ्यात वाईट असतात. पुन्हा घ्यायचीच नाही हे उत्तम. पण घेतलीच आणि माणूस हाक मारून उठेना, श्वास घरघरायला लागला, तर पोलिसांच्या भीतीने थांबू नका. १०८ ला फोन करा.

छप्पर कुठे मिळेल? वृद्ध आणि निराधारांसाठी सरकारची प्रोव्हेदोरिया आहे, पोर्तुगीज काळापासूनची. तिचे आश्रम गोव्यात ठिकठिकाणी आहेत, मात्र ते मुख्यतः म्हाताऱ्या माणसांसाठी. रस्त्यावरच्यांना उचलून आसरा देणारी स्ट्रीट प्रॉव्हिडन्स ही संस्था आहे. पणजीला कारितास ही चर्चची सेवाभावी संस्था आहे. चर्चच्याच प्रिझन मिनिस्ट्रीचे स्वयंसेवक तुरुंगात येतात, त्यांच्याशी आत असतानाच बोलून ठेवा. ख्रिस्ती संस्था आहे म्हणून आपल्या लोकांचा पाय मागे येतो. मी हिंदू आहे, मला कुणी धर्म विचारला नाही. देवळाच्या अग्रशाळेचा (उतरायच्या खोल्यांचा) विचार मनात येईल, पण तिथे ओळखपत्र लागतं आणि ती भाविकांसाठी असते. एखाददुसरी रात्र ओळखीने निघेल, जास्त नाही. पालिकेत निवाऱ्याची काय सोय चालू आहे तेही विचारा.

आणि उघड्यावरच झोपायची वेळ आली तर रोज एकाच ठिकाणी झोपा. उजेडाच्या जागी, जिथे दुकानदाराला तुम्ही माहीत आहात तिथे. सकाळी पायरी झाडून द्या. मी झाडायचो. तिसऱ्या आठवड्यात दुकानाच्या मालकाने शटरच्या आत पुठ्ठे ठेवायला जागा दिली. कागद उशाशी घेऊन झोपू नका, जिच्याकडे चहा पिता तिच्याकडे द्या.

मार्फत

माझ्या अनुभवात सगळं इथे येऊन अडतं. काम हवं तर आधार, आधारसाठी पत्ता, पत्त्यासाठी खोली, खोलीसाठी पैसे, पैशासाठी काम. रहाट नुसता फिरतो, पाणी येत नाही. हा रहाट पैशाने थांबत नाही, हे मी पाहिलंय. थांबतो तो कुणीतरी ‘माझ्या पत्त्यावर पत्र येऊ दे’ म्हणाल्यावर.

माझ्या बाबतीत ती म्हापशाच्या बाजारात पेज नि भाजी-पाव विकणारी एक मावशी होती. तिच्याकडे मी सकाळी भांडी विसळायचो आणि पेज प्यायचो. आधारच्या केंद्रावरून मी तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा तिने आपल्या मुलीला हाक मारली. मुलगी सातवीत. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला माझं नाव लिहिलं, खाली ‘मारफत’ असं लिहून आईचं नाव, वाडा, गाव, तालुका बार्देश, पिन कोड. शुद्धलेखन चुकलेलं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

पण असं कुणाकडे मागताना समोरचा का घाबरतो तेही समजून घ्या. गोव्यात कुणाला खोपीत राहायला द्यायचं म्हटलं की घरमालकाच्या तोंडी पहिला शब्द येतो ‘मुंडकार’. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहिलेल्यांना संरक्षण दिलं, ते चांगलंच झालं. पण त्यानंतर प्रत्येक घरमालकाला वाटतं, हा माणूस आज पडवीत झोपेल आणि उद्या हक्क सांगेल. त्याच्या जिवाला ही भीती असताना तुम्ही ‘माणुसकी नाही का’ म्हणून काही होत नाही. उपाय साधा आहे. फक्त टपालासाठी पत्ता हवा असेल तर तसं दोन ओळींत लिहून, सही करून त्यांच्याकडे द्या: ‘मी या घरात राहात नाही, माझी पत्रं घेण्यापुरता यांचा पत्ता वापरतो.’ राहायला जागा हवी असेल तर अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार करा, भाडं शंभर रुपये असलं तरी. आणि भाडेकरूचा पडताळणी अर्ज घरमालकाला पोलीस ठाण्यात द्यावा लागतो, हे आधी सांगून टाका. अर्ज गेल्यावर शिपाई दारात येणारच. त्या दिवशी मालकाला पहिल्यांदा कळलं तर खोली गेलीच म्हणून समजा.

मालकाला किती सांगायचं? आमचा नियम: केस आहे हे सांगायचं, केसची गोष्ट सांगायची नाही. ‘माझी एक केस चालू आहे, महिन्याला एक तारीख असते, त्या दिवशी मी कामावर नसेन.’ बस. गोष्ट सांगायला लागलात की समोरचा न्यायाधीश होऊन बसतो, आणि तुम्हीही आरोपीसारखे खुलासे देत सुटता.

कागद कुठल्या क्रमाने

आधी आधार. कार्ड हरवलं असेल, नंबर आठवत नसेल, जुना मोबाइल नंबर बंद झाला असेल, तरी सेवा केंद्रावर बोटांच्या ठशांवरून जुनी नोंद शोधता येते. नवं काढायला जाऊ नका, एकदा नोंद असली की दुसरी होत नाही आणि अर्ज फेटाळला जातो. चिरेखाणीत, बांधकामावर राबलेल्यांचे ठसे झिजलेले असतात. मशीन बोट घेत नसेल तर डोळ्यांवर करा म्हणून सांगा, तशी सोय असते. पत्त्याच्या पुराव्यासाठी आधारचा एक ठरावीक नमुना आहे. त्यावर सरपंच, नगरसेवक, आमदार किंवा राजपत्रित अधिकारी सही-शिक्का देऊ शकतो, आणि मान्यताप्राप्त निवारागृहाचा प्रमुखही. दाखला तीन महिनेच चालतो, म्हणून सही झाली की दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहा. काही अडलं तर १९४७ वर फोन.

मग सिम कार्ड, आणि तो नंबर आधारला जोडून घेणं. दुसऱ्याच्या नंबरवर ओटीपी मागवू नका. तो मित्र उद्या मित्र नसेल.

मग बँक. शून्य शिलकीचं जनधन खातं आधारवर होतं. आधार हाती यायला वेळ असेल तर फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेल्या सहीवर ‘छोटं खातं’ उघडता येतं. त्यात एका वेळी ५०,००० हून जास्त शिल्लक ठेवता येत नाही, महिन्याला १०,००० पर्यंतच काढता येतात, आणि खातं बारा महिने चालतं. खिडकीवर बसलेल्याला हे माहीत नसलं तर शाखाधिकाऱ्याला भेटा. आवाज चढवू नका. आपला आवाज चढला की लोक लगेच म्हणतात, बघा, जेलातला.

मतदार यादीबद्दल कुणाला माहीत नसतं. तुरुंगात असताना मतदान करता येत नाही, बाहेर आल्यावर येतं, शिक्षा भोगून आलेल्यालाही. आणि बेघर माणसाला नाव घालायला पत्त्याचा कागद लागत नाही. फॉर्म ६ भरायचा, झोपायची जागा लिहायची. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन तुम्ही खरंच तिथे झोपता का ते बघतो. रोज एकाच ठिकाणी झोपा म्हटलं त्याचं हेही एक कारण. मतदार कार्ड आलं की बाकीचे कागद बरेच सोपे होतात.

जन्मदाखला गोव्यातला असेल तर तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात जुनी नोंद मिळते. आपल्याकडे ही दप्तरं चांगली ठेवलेली आहेत. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मामलेदाराकडून मिळतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे २,००० रुपये (ज्येष्ठ, अपंग, एकट्या बायका) त्याशिवाय होत नाहीत. आजारपणासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला पाच वर्षांचं वास्तव्य पुरतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण मिळतं, मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं.

झोप, दारू, डोकं

आत दिवा रात्रभर चालू असतो. बाहेर आल्यावर अंधारात झोप येत नाही, आणि दार आतून बंद केलं की छातीत धडधडतं. मला वर्षभर दार किलकिलं ठेवून झोपावं लागलं. हे वेड नाही, पण अंगावर काढूही नका. बांबोळीला मोठ्या इस्पितळाजवळच मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. दारू सोडवायचे उपचारही तिथे होतात. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात दारू तोडू नये. हातपाय कापण्यावर भागलं तर ठीक, आकडीही येते. फोनवर बोलायचं तर टेली-मानस, १४४१६. पर्वरीला संगाथ ही संस्था दारूच्या प्रश्नावर साध्या भाषेत समुपदेशन करण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. हणजुणेला कृपा फाउंडेशनचं केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका गावोगाव होतात, फुकट असतात, आणि तिथे पाठीमागच्या खुर्चीवर गप्प बसलं तरी चालतं.

छातीचा खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी इस्पितळात, म्हापशाला आझिलोत किंवा मडगावला हॉस्पिसियोत, थुंकी तपासून घ्या. टीबीचं औषध फुकट आहे, आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. पुन्हा तेच, खातं हवं.

काम : हंगाम बघून

जूनमध्ये सुटणं म्हणजे नशीब खोटं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं) उतरवलेले, बांधकामं मंदावलेली. ऑक्टोबरनंतर सुटणाऱ्याला दहा दारं उघडी असतात. किनाऱ्यावर शॅक उभारायचं काम, मग स्वयंपाकघरात भांडी. फेब्रुवारीच्या सुमारापासून सत्तरी-पेडण्यात काजू. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गर्दी, तिथे हमाली. १ ऑगस्टला मालिम नि कुटबणच्या जेटीवर माणसं लागतात. ट्रॉलरवर जाताना मात्र उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत उतरता येत नाही, आणि कोर्टाची तारीख आली तेव्हा तुम्ही समुद्रात.

मी सगळ्यांना आधी बेकरी सुचवतो. पदेराकडे (पाववाल्याकडे) बारा महिने काम असतं आणि बहुतेक ठिकाणी तिथेच झोपायची सोय असते. शिवाय काम रात्रीचं. ज्याला रात्री झोप लागत नाही त्याने कूस बदलत पडण्यापेक्षा पीठ मळावं. पहाटे भट्टीतून पाव काढताना माणसाला दुसरं काही सुचत नाही. ते चांगलं असतं.

सिक्युरिटी गार्डच्या नोकरीत पोलीस पडताळणी कायद्यानेच लागते, तिथे शिक्षा झालेल्याने वेळ घालवू नये. थिवी, पिळर्ण, कुंडई, वेर्णा इथल्या कारखान्यांत कंत्राटदारामार्फत लागता येतं. आधार नि बँक खातं तयार ठेवा, पगार खात्यातच मागा. अर्जावर ‘गुन्हा दाखल आहे का’ असं विचारलं असेल तर खरं लिहा. सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात हे तपशिलात सांगितलंय: लपवलं तर त्या लपवण्यावरूनच नोकरी जाऊ शकते, खरं सांगितलं तर प्रकरण बघून निर्णय घ्यावा लागतो. न विचारलेलं सांगायची गरज नाही.

स्वतःची गाडी लावायची असेल तर पालिकेचा विक्रेता दाखला किंवा शिफारसपत्र मिळवून पीएम स्वनिधीचं कर्ज होतं, पहिला हप्ता १५,००० चा. पण पहिल्या वर्षात नको. आधी महिनाभर पगार हातात टिकतो का ते बघा.

घर, गाव आणि चवथ

घरचे घेतील या भरवशावर राहू नका, आणि घेणारच नाहीत असंही धरू नका. सगळ्यात अवघड दिवस चवथीचे, गणेशचतुर्थीचे. सगळा गोवा घरी जातो. आमच्या गटात ते दीड दिवस कुणी एकटा राहणार नाही एवढं बघतो. मला स्वतःला घरी गणपतीपुढे बसायला पाच वर्षं लागली. पहिल्या वर्षी मी फक्त माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणून अंगणाच्या पेळेवर ठेवलं आणि परत फिरलो. दुसऱ्या वर्षी वहिनीने आतूनच विचारलं, ‘जेवलो रे?’ तेवढंच. घाई केली असती तर तेही झालं नसतं.

भाऊबंद ‘इथे सही कर’ म्हणून कागद पुढे करतील. करू नका. गोव्यात वारसा हक्काचा कायदा वेगळा आहे. आईवडिलांच्या मालमत्तेतला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो आणि काही ठरावीक कारणं सोडली तर मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. तुरुंगात गेला म्हणून घरातला वाटा आपोआप जात नाही. वाटणीचा खटला, ज्याला आपण इन्व्हेंटरी म्हणतो, तो चालू असेल तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. पत्ता नसला तर नोटीस फिरून जाते आणि निकाल तुमच्या पाठीमागे लागतो. विधी सेवेच्या वकिलाला दाखवल्याशिवाय त्यागपत्र, कुलमुखत्यारपत्र, काही म्हणजे काही सही करू नका. भांडायलाच पाहिजे असं नाही. हक्क असतो, वेळ आली की बोलता येतं.

बायकांसाठी हे सगळं दुप्पट अवघड. त्यांना घर आणखी लवकर बंद होतं आणि बसस्टँडची पायरी ही त्यांच्यासाठी वाटच नव्हे. सुटायच्या आधीच जागा ठरलेली हवी. वास्कोची ‘अर्ज’ नावाची संस्था देहव्यापारातून बाहेर पडलेल्या बायकांबरोबर काम करते. त्यांची ‘स्विफ्ट वॉश’ नावाची लाँड्री आहे, तिथे त्या पगारावर काम करतात.

सोबत करणाऱ्यांना

गुन्हा विचारू नका. उपदेश तर मुळीच करू नका, आत असताना त्याने भरपूर ऐकलाय. रोख पैसे देण्यापेक्षा बसचा पास काढून द्या, चप्पल घेऊन द्या, रिचार्ज मारा. कोर्टाच्या तारखेला सोबत जा. आत बोलायचं काही नसतं, बाकावर बसायचं असतं. त्या एका बसण्याने माणूस पुढच्या तारखेला येतो. एकट्याने सगळं अंगावर घेऊ नका. एकजण पत्ता देईल, एकजण जेवण, एकजण तारखा बघेल. ज्याने पत्ता दिला त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत, हा आमच्यात नियमच आहे. मावशीकडे मी कधी दहा रुपये मागितले नाहीत. मागितले असते तर पत्ताही गेला असता.

आणि तो घसरेल. पितो, गायब होतो, तारीख चुकवतो. तारीख चुकली तर वॉरंट निघतं. ते निघालं म्हणून लपायला लागला की खरंच आत जातो. त्याऐवजी वकिलाला घेऊन आपणहून कोर्टात उभं राहायचं, का चुकली ते सांगायचं, वॉरंट रद्द करायचा अर्ज द्यायचा. आजारपणाचा कागद असेल तर जोडायचा. आमच्या दोघांची वॉरंटं अशी रद्द झालीत. दोन्ही वेळा तीच ती शिव्याशाप देत, धापा टाकत गाठलेली साडेनऊची बस.

डिचोलीच्या माझ्या खोलीवर सध्या तिघांची पत्रं येतात. पोस्टमनला आता ‘मार्फत’ची सवय झालीय, तरी पाकीट देण्याआधी एकदा विचारतो, ‘हो अजून हांगाच मरे?’ असला तर हो म्हणतो. नसला तर पाकीट घेतो आणि तो जिथे असेल तिथे पोचवतो. वर कोर्टाचा शिक्का असेल तर त्याच दिवशी.